मनीची उडी

शूटिंगवर तिला सगळे मनी म्हणायचे, कारण कुठूनही खाली सोडा, ती मांजरासारखी पायांवरच पडायची. अकरा वर्षं तिने एकाच नायिकेच्या जागी उड्या मारल्या. शेवटची तिसऱ्या मजल्यावरून. खालची गादी हातभर सरकली होती. घोट्यात स्टीलची पट्टी आणि सात स्क्रू बसले. नायिका दवाखान्यात आली, "तू माझी धाकटी बहीण" म्हणत गळ्यात पडली, फोटो काढून गेली. पुन्हा काही फिरकली नाही.

महिला दिनाला वहिनीने मनीपुढे मोबाइल धरला. तीच उडी! खाली नायिकेने लिहिलं होतं, 'डुप्लिकेट नाही, काही नाही. ही उडी माझी. बाईला अशक्य काही नसतं.' लाखो लोकांनी बदाम टाकले होते.

मनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"कमेंट टाक," वहिनी म्हणाली.

"पुसून टाकेल ती. तोंडावरच बोलते."

त्याच आठवड्यात एका कॉलेजात नायिकेचं समानतेवर भाषण होतं. मनी काठी टेकत गेली आणि पुढच्या रांगेत बसली. प्रश्नांची वेळ आली तसा तिने हात वर केला.

"ताई, ती उडी इथे दाखवा ना. या स्टेजवरूनच. चार फूट तर आहे."

पोरींनी टाळ्यांचा ठेका धरला. नायिकेने तिला ओळखलं आणि तिचं हसू गळून पडलं.

"आज टाचा उंच आहेत गं."

"मग काढा की. मी थांबते."

नायिका जागची हलली नाही. टाळ्या विरल्या. मग मनीच पायऱ्या चढली, काठी बाजूला टाकली आणि स्टेजच्या कडेवरून झेपावली. अंग गोळा करून लोळली, उठून उभी राहिली. डावा खांदा दुमडायची ती लकब सगळ्यांनी व्हिडिओत पाहिलेली होती. कुणाला काही सांगावं लागलं नाही.

संध्याकाळपर्यंत नायिकेने ती पोस्ट काढून टाकली. फाइट मास्टरचा फोन आला.

"मने, आता तुला कुणी दारात उभं करणार नाही."

"ठाऊक आहे, मास्तर. आणि ती गादी कुणी तपासली नव्हती, ते तुम्हाला ठाऊक आहे."

पलीकडून फोन बंद झाला.

घोटा टरारून सुजला होता. बर्फ लावता लावता वहिनी करवादली, "झालं समाधान?"

"कसलं समाधान!" मनीने कुणीतरी काढलेली क्लिप मागे नेली आणि नायिकेच्या चेहऱ्यावर थांबवली. "एवढं अजून एकदा बघू दे."