मिठाच्या अफवेचा माग

जेवताना कुणी "जरा मीठ वाढा" म्हटलं, की मला ती केस आठवते आणि बायको ताटात बघून हसते. माझ्या नोकरीत दरोडे झाले, खून झाले, उसाच्या फडात सापडलेली प्रेतं झाली. त्या सगळ्यांचे कागद मी नीट केले. या एका केसचा कागद मात्र अर्धवट लिहिला, आणि ते अर्धवटपण एका भल्या माणसाला बाधलं. नोकरी संपली, वय झालं. राहिलेलं आता लिहितो. नाव कुणाचंच घेत नाही.

करोनाची साथ नुकतीच सुरू झाली होती. कर्नाटकात निपाणीच्या बाजूला, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून असलेल्या एका ठाण्याचा मी फौजदार होतो. हद्दीवर बॅरिकेड लागले होते. आमच्या भागात माणसाचं घर एका राज्यात आणि शेत दुसऱ्या राज्यात असतं, त्यामुळे "पलीकडे जायचं नाही" हे समजावताना घसा बसायचा. एक म्हातारा रोज म्हैस पुढे घालून नाक्यावर यायचा आणि पोरांना म्हणायचा, "मला अडवा की, मी थांबतो. म्हशीला कन्नडात सांगायचं का मराठीत?"

दुकानं सकाळी थोडा वेळ उघडी असायची. गर्दी नको म्हणून आम्ही दुकानांपुढे चुन्यानं गोल आखून दिले होते. लोक त्या गोलांत आपापली चप्पल आणि पिशवी ठेवायचे आणि स्वतः समोरच्या पिंपळाखाली एकमेकांना खेटून गप्पा मारत बसायचे. चपला मात्र नियम पाळायच्या.

आमचा दिवस ठरलेला होता. सकाळी हजेरी, मग बंदोबस्ताची वाटणी, मग जीपवर भोंगा बांधून गावोगाव गस्त. भोंग्याचं काम एका जुन्या हवालदाराकडे होतं. त्याला तरुणपणी जत्रेतल्या नाटकांत काम करायची हौस होती, त्यामुळे आवाज खणखणीत. "घाबरू नका, माल भरपूर आहे, साठा करू नका," हे तो एकदा मराठीत आणि एकदा कन्नडमध्ये असं म्हणायचा की ऐकणाऱ्यानं टाळी द्यावी.

एका सकाळी गस्तीवरून ठाण्यात येतो तोच फोन सुरू झाले. शेजारच्या मोठ्या गावात किराणा दुकानापुढे झुंबड उडाली होती. मी गेलो. चुन्याचे गोल पुसून गेले होते, चपला कुठल्या कुठे. आणि सगळ्यांना हवं होतं एकच, मीठ. साखर नको, तेल नको. आता मीठ येणार नाही, गाड्या हद्दीवर अडकल्या आहेत, असं मराठी बोलणारे सांगत होते. कन्नड बोलणारे "उप्पु इल्लंते" म्हणत होते, म्हणजे मीठ नाही म्हणे. त्यात एक म्हातारी ओटीत मिठाचे पुडे भरून निघाली होती. घरात एकटीच राहणारी. मी विचारलं, आजी, एवढं मीठ काय करणार?

"मला कुठलं मीठ बाबा," ती म्हणाली. "बी.पी. हाय. डाक्टरनं बंद केलंय. पर सगळी घ्याया लागल्यात म्हणून घेतलं."

तेवढ्यात माझ्या खबऱ्याचा फोन आला. त्याची पानपट्टी बंद होती, त्यामुळे त्याला वेळच वेळ होता. तो म्हणाला, साहेब, हे सगळं दुकानदाराचं काम आहे. मागच्या खोलीत पोती लपवून ठेवली आहेत आणि संपलं संपलं म्हणून हूल उठवली आहे.

दुकानदाराला गाव आप्पा म्हणायचं. साठीपलीकडचे, डोक्यावर पांढरी टोपी. त्यांच्या घराण्याला गावात एक मान होता. ग्रामदेवतेच्या यात्रेला महाप्रसाद होतो, त्याचं सगळं सामान पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याच दुकानातून जायचं. डाळ आणि गूळ आप्पा स्वतः निवडून द्यायचे. मागची खोली उघडली तर खरोखर मिठाची पोती निघाली.

आप्पा म्हणाले, "साहेब, चटणीचा सीझन हाय. दरवर्षी भरतो मी."

ते खरं होतं. उन्हाळ्यात आमच्याकडे घरोघरी वर्षाची लाल चटणी होते, लोणची पडतात, आणि त्याला मीठ पोत्यानं लागतं. शिवाय आप्पांनी भाव एका रुपयानंही वाढवलेला नव्हता. बाहेरच्या गर्दीतच दोघातिघांनी तसं सांगितलं. हूल उठवून जुन्याच भावानं माल विकणारा साठेबाज कुणी पाहिलाय? तपास करणाऱ्यानं इथेच थांबायला हवं होतं. पण वरून सारखे फोन येत होते, समोर गर्दी होती, आणि पोती सापडल्याचा मला आनंद झाला होता. मी पंचनामा केला, दुकानाला कुलूप लावलं, किल्ली खिशात घातली आणि माझ्यापेक्षा वयानं मोठ्या माणसाला "चल, बस गाडीत" असं म्हणून ठाण्यात आणलं. कुणीतरी त्याचा फोटो काढला. दुपारपर्यंत तो फोटो हद्दीच्या दोन्ही बाजूंच्या मोबाईलवर पोचला होता.

मला वाटलं, आता सगळं शांत होईल. झालं उलटंच. आप्पाला धरलं म्हणजे मीठ खरंच संपलंय, असा अर्थ लोकांनी काढला आणि आजूबाजूच्या गावांत दुकानदारांच्या घरांची दारं वाजू लागली. तेव्हा कुठे मी अफवेचा माग काढायला बसलो.

अफवेच्या तपासाची एक पद्धत आहे. "तू कुणाला सांगितलंस?" असं विचारलं की माणूस तोंड मिटतो. "तुला कुणी सांगितलं?" असं विचारलं की भडाभडा बोलतो. मी आप्पांना विचारलं, मिठासाठी सगळ्यात आधी कोण आलं? आप्पांनी हवालदाराकडे पाहिलं. हवालदार खिडकीबाहेर बघत होता. मग आप्पा म्हणाले, शाळेतल्या बाई आल्या होत्या.

बाईंकडे गेलो. त्यांनी लगेच सांगितलं की शेजारचा टेंपोवाला म्हणाला. टेंपोवाला घरीच होता, कॅरम खेळत. तो म्हणाला, मला आमच्या गवळ्यानं सांगितलं, आणि गवळी कधी खोटं बोलत नाही. मी म्हटलं, दुधात पाणी घालत असेल तेवढंच. गवळ्याला ठाण्यात बोलावलं. तो आला आणि दारातच उभा राहिला. आप्पा बाकावर, हवालदार माझ्या खुर्चीमागे.

मी विचारलं, तुला कुणी सांगितलं?

"मला कुणी न्हाय सांगितलं साहेब. मी डोळ्यानं बघितलंय."

"काय बघितलंस?"

"मिठाची पोती. आप्पाच्या मागल्या दारानं गाडीत चढवताना."

मी सरसावून बसलो. गडी सापडला, असं मला वाटलं. "गाडी कुणाची?"

गवळ्यानं मान खाली घातली. "ऱ्हाऊ द्या की साहेब."

"गाडी कुणाची?"

"तुमचीच की. भोंग्याची."

गवळ्याला आता बोलल्याशिवाय राहवेना. "भोंगा चालूच हुता. साठा करू नका, साठा करू नका म्हणत हुता, आन माघारी पोती. मी म्हटलं, पोलीसच भरून घ्याया लागल्यात म्हंजे काय तरी हाय."

"आणि ती पोती गेली कुठे?"

"साहेब, मी तुमच्या घरी दूध घालतोय. मला ठाव न्हाय व्हय?"

मग मला आठवलं. दोन दिवसांपूर्वी सकाळी घाईत निघताना बायको म्हणाली होती की चटणीला मीठ लागणार आहे. नाक्यावरची पोरं नुसता भात खाऊन दिवस काढत होती, त्यांच्यासाठी तिनं यंदा जास्तीची चटणी आणि लोणचं घालायचं ठरवलं होतं. मी हवालदाराला जाता जाता म्हटलं होतं, बाईसाहेबांना मीठ पाहिजे, येताना टाक. किती, कुठून, कशातून, काही विचारलं नाही. सांगितलं आणि विसरलो.

मी मागे वळून हवालदाराकडे पाहिलं. सकाळपासून बोलला का नाहीस, असं विचारलं.

"तुम्ही तपासात हुतासा साहेब," तो म्हणाला.

"आणि आप्पा, तुम्ही?" माझ्या तोंडून दिवसभरात पहिल्यांदा 'तुम्ही' निघालं.

आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "हवालदार हितंच हुबा हुता. त्यो बोलंना. मग तुमच्या ठाण्यात बसून तुमचंच नाव मी कशाला काढू?"

मी स्वतः आप्पांना गावात नेऊन सोडलं, दुकान उघडून दिलं आणि एक गोष्ट मात्र शहाणपणाची केली. मागच्या खोलीतली सगळी पोती बाहेर काढून पायरीवर, सगळ्यांना दिसतील अशी रचायला लावली. भोंगा बंद ठेवला. लोक आले, पोत्यांकडे पाहिलं, थोडं थबकले आणि दोन पुड्यांच्या जागी एक पुडा घेऊन गेले. कुणाकुणाला तर काहीच नको होतं, नुसतं बघून समाधान झालं. दुसऱ्या दिवशी बी.पी.वाली आजी ओटी भरून पुडे घेऊन आली आणि आप्पांना म्हणाली, "ह्ये घ्या, आन त्याच्या बदली गूळ द्या."

घरी बायकोला सांगितलं. ती आधी भिंतीला टेकून हसली. मग चटणीचा हात धुताना तिनं विचारलं, "अहो, आप्पांना सोडलंत, बरं केलंत. पण का सोडलंत, ते गावाला सांगितलंत का?"

मी म्हटलं, सांगेन.

सांगितलं नाही. सरकारी जीपमधून घरचं सामान आणलं, हे कागदावर कसं घालणार? अहवालात मी "अज्ञात इसमाने अफवा पसरवली" असं लिहून केस बंद केली. तो अज्ञात इसम रोज सकाळी माझ्या आरशात दाढी करत होता. माझी बदली झाली, मग निवृत्तीही झाली. आप्पा निर्दोष सुटले, पण का सुटले हे कुणालाच कळलं नाही, आणि गावाचा न्याय वेगळा असतो. पोलिसांनी धरलं होतं म्हणजे काहीतरी असणारच. साथ ओसरल्यावर पहिली यात्रा भरली तेव्हा कमिटीतली तरुण मंडळी म्हणाली, देवाच्या कामाला साठेबाजाचा माल नको. महाप्रसादाचं सामान शहरातल्या दुकानातून आलं. पुढच्या वर्षीही तेच. पिढ्यांचा मान गेला, आणि आप्पांनी एका शब्दानं कुणाला काही सांगितलं नाही. हे मला हवालदारानं फोनवर सांगितलं. बायको दर उन्हाळ्यात आप्पांच्या घरी चटणीची एक बरणी पाठवत होती. मी बरणीबरोबर निरोपही पाठवत नव्हतो.

यंदा यात्रेआधी कमिटीची बैठक देवळाच्या मंडपात होती, तिथे मी गेलो. बायकोनंच काढलं मला घराबाहेर. हवालदारही आला, तोही आता निवृत्त. आप्पा कोपऱ्यात खांबाला टेकून बसले होते. मी उभा राहिलो आणि जीप, भोंगा, पोती, चटणी, सगळं पहिल्यापासून सांगितलं. अहवालात काय लिहिलं आणि काय लिहिलं नाही, तेही. गुन्हेगाराला कबुली देताना काय होत असेल, ते इतक्या वर्षांच्या नोकरीत मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

कमिटीतला एक जण म्हणाला, "म्हंजे अफवा साहेबांच्या घरातनं निघाली म्हणा की."

"घरातनं न्हाय," हवालदार म्हणाला. "भोंग्यातनं. माझाच आवाज हुता."

मंडप हसायला लागला. हसणं ओसरल्यावर कमिटीच्या वडीलधाऱ्यांनी आप्पांकडे वळून एवढंच विचारलं की औंदा सामान तुमच्याकडून घ्यायचं आहे, जमेल का? आप्पांनी टोपी नीट बसवली. "डाळ किती धरायची?" त्यांनी विचारलं, आणि बैठक पुढच्या विषयाकडे गेली.

या केसनं मला शिकवलं ते असं. लोक पोलिसांचं ऐकत नाहीत अशी आमची कायमची तक्रार असते. ते ऐकतात, पण कानानं भोंगा ऐकत असतात आणि डोळ्यांनी जीपचा मागचा भाग बघत असतात. दोन्हींत फरक पडला तर डोळ्यांवर विश्वास ठेवतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. दुसरं असं की निर्दोष माणसाला नुसतं सोडून भागत नाही. धरताना जेवढी माणसं बघत होती, तेवढ्यांसमोर सोडावं लागतं. मी ते करायला फार वर्षं घेतली.

यात्रेच्या दिवशी आम्ही दोघं महाप्रसादाला गेलो. पत्रावळ्या मांडल्या गेल्या. पानात पहिलं मीठ वाढतात, आणि ते वाढायला आप्पा स्वतः निघाले होते. एकेका पानात चिमूट टाकत ते माझ्यापाशी आले, थांबले, आणि मला ओलांडून पुढच्या पानाकडे गेले. शेजारी बसलेला हवालदार म्हणाला, "आप्पा, साहेब ऱ्हायलं."

आप्पा वळले. "त्यांच्या घरात हाय की अजून."

सगळी पंगत हसली. पलीकडच्या बायकांच्या पंगतीतून माझ्या बायकोचं हसणं मला वेगळं ऐकू आलं. मग आप्पा माघारी आले, वाकले आणि माझ्या पानात मीठ वाढलं. इतरांपेक्षा जरा जास्तच.