सहा दुपटी

माझ्या आयुष्यात मी चीनला एकदाच गेले, आणि तेही दुसरीची मुलगी आणायला. हे सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो, मग माझ्या तोंडाकडे बघतो आणि गप्प होतो. म्हणून पहिल्यापासून सांगते.

आम्ही तेव्हा कुवेतला, अबू हलीफात राहायचो. लढाई संपून पाच-सहा वर्षं झाली होती. नवऱ्याची नोकरी अहमदीला, तेलाच्या कंपनीत. मी रत्नागिरीतली बँकेची नोकरी सोडून त्याच्यामागे आलेली. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट होता, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरच्या दोन इमारतींच्या फटीत हाताएवढा समुद्र दिसायचा. त्या एवढ्याशा समुद्राचं मला फार कौतुक होतं. आज पुण्यात सगळं आहे, पण भाजी चिरताना मान वर केली की अजून चुकल्यासारखं होतं.

लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. डॉक्टर झाले, औषधं झाली, सासूबाईंचे नवस झाले. एकदा मी धीर करून म्हटलं होतं की संस्थेतून एखादी मुलगी आणू या. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "दुसऱ्याचं लेकरू ते दुसऱ्याचंच हो." झालं, विषय संपला. नवरा स्वभावाने गाय. त्याचं एकच म्हणणं, आईचं मन मोडून काही करायला नको. आणि मी तोंडाची तिखट असले तरी सासूबाईंपुढे माझी जीभ टाळ्याला चिकटायची.

त्या वर्षी थंडीत जवळच्याच मंगफ गावात एका मराठी घरी बारसं होतं. पाळण्यापाशी बायका उभ्या राहिल्या, "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" सुरू झालं, आणि मी सवयीने हात पुढे केला. एका काकूंनी तो हळूच बाजूला केला. "तू राहू दे गं. तू घुगऱ्या वाट." आवाज इतका गोड, की आजूबाजूला कोणाला कळलंसुद्धा नाही. मी घुगऱ्या वाटल्या. सगळ्यांना दोन-दोन मुठी जास्तच वाटल्या आणि घरी येऊन भांडी आपटली.

त्याच आठवड्यात समोरच्या फ्लॅटमधली बाई दार वाजवून आत आली. ती कॅनडाची. एका इंग्रजी शाळेत संगीत शिकवायची, पंचेचाळिशीची होती आणि एकटी होती. आमची ओळख माझ्या मिरच्यांच्या फोडणीमुळे झाली होती, ठसकत, डोळे पुसत "काही जळतंय का?" विचारायला आली, ती जेवूनच गेली. चीनमधून मुलगी दत्तक घेण्यासाठी तिने दोन वर्षं कागद रंगवले होते. आता ईदच्या सुट्टीत जायचं ठरलं होतं. सोबत बहीण येणार होती, ती तिकडे बर्फावर घसरली आणि पाय प्लास्टरमध्ये गेला.

"तू येशील का?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. एका क्षणात म्हटलं, आणि त्यात त्या घुगऱ्यांचा वाटा मोठा होता.

नवरा म्हणाला, "चीनला? अगं, आपण अजून अहमदीची बाग धड पाहिलेली नाही!" पण व्हिसासाठी माझा पासपोर्ट घेऊन तोच गेला.

दक्षिण चीनमधलं ते शहर माझ्या लक्षात आहे ते सायकलींच्या घंट्यांमुळे आणि वाफेच्या वासामुळे. हॉटेलात आमच्यासारखी आठ-नऊ कुटुंबं होती, सगळी गोरी. त्यांच्यात मी एकटीच पंजाबी ड्रेसवर स्वेटर घातलेली. मला सगळे दुभाषी समजायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी संस्थेच्या बायका लिफ्टमधून बाहेर आल्या, प्रत्येकीच्या हातात एकेक गाठोडं. सहा-सहा महिन्यांच्या मुली, अंगात चार-चार स्वेटर, हात आडवे पसरलेले. यादीतून नाव वाचायचं आणि मूल हातात द्यायचं. पाच मिनिटांचं काम. माझ्या मैत्रिणीने दोन वर्षं वाट पाहिली होती, आणि मुलगी हातात आल्यावर ती नुसती भिंतीला टेकून उभी राहिली.

मुलगी चार तास रडली. कॅनडाहून मागवलेली, नाना तऱ्हेच्या बुचांची बाटली तोंडाला लावली की मान फिरवायची. माझी मैत्रीणही रडायला लागली. "मी तिला आवडत नाही," म्हणे. आता दोघींना कोण समजावणार! मी खाली जाऊन खाणाखुणा केल्या आणि भाताची पेज आणली. ते लोक तिला काही वेगळं म्हणतात, पण पेज ती पेजच. वाटी-चमच्याने थेंब थेंब घातली. पहिले तीन चमचे स्वेटरवर गेले, चौथा गिळला. मग ती माझ्याकडे असं बघायला लागली, की एवढा वेळ कुठे होतीस.

दुसऱ्या दिवशी आंघोळ. मैत्रीण एका हातात पुस्तक धरून तिला टबात बसवायला निघाली होती. मुलगी घाबरून काळीनिळी झाली. मी म्हटलं, आण इकडे. सलवार गुडघ्यांवर सारली, रिकाम्या टबातच पाय लांब करून बसले आणि तिला पायांवर पालथं घेतलं. पाठीला तेल, मग कोमट पाणी. तिच्या डोक्याच्या मागे एक टक्कल होतं, सतत उताणं झोपून पडलेलं. तिथे हात फिरवला तशी ती गप्प झाली. हुंकार देत पडून राहिली.

"तू किती मुलं वाढवलीस?" मैत्रिणीने विचारलं. तिला ठाऊक होतं, पण त्या क्षणी विसरली असावी.

"एकही नाही," मी म्हटलं. आई माझ्या भाचरांना न्हाऊ घालायची, तेव्हा तांब्या पुढे करायचं काम माझं असायचं. बघून बघून शिकले होते. हात मात्र त्या दिवशी पहिल्यांदा लागला होता. मी नळ मोठा सोडला आणि तोंड धुण्याच्या निमित्ताने रडून घेतलं.

बाहेर पडलं की रस्त्यावरच्या म्हाताऱ्या आम्हाला अडवायच्या. छकुलीचा, मी तिला हेच म्हणायला लागले होते, पाय जरा उघडा दिसला की तावातावाने बोलत पायमोजा वर ओढायच्या. भाषेचं अक्षर कळत नव्हतं, पण बोलणं सगळं समजत होतं. आमच्या गावच्या बायका याहून वेगळं काय बोलतात?

कुवेतला परतल्यावर मैत्रीण शाळेत जाई आणि छकुली सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत माझ्याकडे असे. नवरा ऑफिसातून फोन करून "ती उठली का?" विचारायला लागला. खाली बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, दूध आणायला गेले, की दुकानदार मला आधी तिची खुशाली विचारायचा. ते चार महिने माझ्या आयुष्यातले फार सुखाचे. आणि त्या सुखातच मला कळून चुकलं, की मला मुलगी हवी आहे, आणि मी आता गप्प बसणार नाही.

मार्चमध्ये नवऱ्याच्या कंपनीच्या मंदूबने, म्हणजे सरकारी कागदपत्रं करणाऱ्या माणसाने, सासूबाईंचा व्हिसा काढून दिला. त्या दोन महिन्यांसाठी आल्या. आगोटीची कामं होती म्हणून पावसाआधी परत जायचंच होतं. मी नवऱ्याला बजावलं, की आई जायच्या आधी तू विषय काढायचास. तो "बघतो" म्हणाला.

पहिल्या दिवशी सासूबाईंनी छकुलीकडे लांबूनच पाहिलं. "ही कोणाची गो?" मी सांगितलं. त्या "अस्सं" म्हणाल्या आणि जपमाळ घेऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी मी छकुलीला पायांवर घेतलं, तशा मोरीच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

"मान धर नीट. पाणी नाकात जाईल."

तिसऱ्या दिवशी, "तेल असं चोपडतात? पोळीला लावतेस काय?"

चौथ्या दिवशी नऊवारीचा ओचा वर खोचला, पाट पायाने पुढे ओढला आणि म्हणाल्या, "सरक."

मी सरकले आणि तांब्या पुढे करू लागले. पुन्हा तेच काम! पण काय सांगू, त्या बाईचे हात. छकुलीचं अंग त्यांनी असं रगडलं, की पोर दोन-दोन तास गाढ झोपायची. मग मांडीवर घेऊन तिच्याशी कोकणीच्या वळणाने बोलत बसायच्या, आणि ती चिनी डोळे बारीक करून ऐकायची.

एकदा न्हाऊ घालता घालता त्यांनी विचारलं, "हिला टाकलंन ती कोण, काही कळलं?"

मी कागदात होतं तेवढं सांगितलं. पहाटे बाजाराच्या फाटकाशी सापडली, दुलईत गुंडाळलेली, शेजारी दुधाची बाटली.

त्या पाणी घालत राहिल्या. मग म्हणाल्या, "टाकलंन नाही हो. टाकायचं असतं, तर बाजारात कशाला नेलंन असतं? माणसं येतात तिथे ठेवलंन." आणि तिच्या डोक्यामागच्या त्या टकलावर, जिथे आता बारीक केस आले होते, तळवा फिरवत राहिल्या.

मला वाटलं, हीच वेळ. पण माझी जीभ पुन्हा टाळ्याला. नवरा तर रोज "उद्या" म्हणत होता. असं करता करता मेचा मध्य आला, बाहेर धूळ आणि उन्हाने जीव नको झाला, आणि सासूबाईंची बॅग भरून झाली. कोणीच काही बोललं नाही. त्याही नाही. विमानतळावर मी इतकी चिडलेली होते, की नमस्कारसुद्धा घाईत केला. सगळ्या वाटेवर नवऱ्याशी एक शब्द बोलले नाही.

घरी आल्यावर त्यांच्या पलंगावर घडी केलेलं एक लुगडं दिसलं. जुनं, फिकट जांभळं, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. आधी वाटलं, विसरल्या. मग लक्षात आलं, एवढी नीट घडी करून उशीवर कोणी विसरत नाही. आपल्याकडे असं लुगडं कशासाठी ठेवतात हे काय मला माहीत नव्हतं? दुपट्यांसाठी. छकुलीवर जीव जडला होता त्यांचा. मला बरं वाटलं, आणि खरं सांगते, वाईटही वाटलं. दुसरीच्या पोरीसाठी लुगडं निघालं, माझ्यासाठी शब्द निघाला नाही.

मी ते फाडलं. सहा दुपटी केली, कडा मशीनवर मुडपून घेतल्या. जूनअखेर मैत्रिणीचा शाळेतला करार संपला. छकुली तेव्हा सोफ्याला धरून उभी राहत होती. निघताना मैत्रिणीने दुपटी छातीशी धरली आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. टॅक्सी वळली. मी वर येऊन खिडकीत उभी राहिले. समोरच्या फ्लॅटचं दार त्या दिवसापासून बंद झालं, आणि मला सात ते दोन काय करायचं ते कळेना. मी रिकाम्या पाटाकडे बघायचं टाळायचे.

गावी फोन शुक्रवारी लावायचा असे, सुट्टीच्या दिवशी. त्या शुक्रवारी नवऱ्याचं बोलून झाल्यावर सासूबाईंनी मला बोलावलं.

"लुगडं मिळालं का गो?"

"हो आई. सहा दुपटी झाली. छकुलीला दिली. कॅनडाला गेली ती."

 

"दिलीस?"

"हो."

"सगळी?"

"सगळी."

"अगो, पण ती दहा महिन्यांची पोर. उभी राहते, धावेल उद्या. ती दुपट्यात मावणार कशी?"

 खरंच, कशी मावणार होती? घरात एक मूल वाढवलेल्या कुठल्याही बाईला ते लुगडं हातात घेताच कळलं असतं. दुपटी लागतात ती ओंजळीएवढ्या जिवाला. मी नुसतीच बघून शिकलेली, मला कळलं नाही.

"तुम्ही बोलला का नाहीत, आई?" माझा आवाज फुटला. "मी दोन महिने वाट बघितली."

"आधी नको म्हटलं होतं ते मीच ना? मग तोंडाने कसं बोलू?" त्या म्हणाल्या.  "आता दुसरं काढते. पण ते तुझ्या हातात देणार नाही हो. पोर घेऊन ये. मग मी फाडीन."

मी रिसीव्हर नवऱ्याच्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात जाऊन खिडकीशी उभी राहिले. तो हाताएवढा समुद्र मला बराच वेळ धड दिसला नाही.

कागदपत्रांना दहा महिने लागले. भारतात, संस्थेच्या ऑफिसात मुलगी माझ्या हातात दिली तेव्हा ती सत्तावीस दिवसांची होती. सासूबाई बाहेर बाकावर बसल्या होत्या, मांडीवर पिशवी. मी मुलीला त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी तिला घेतलं नाही. आधी पिशवीतून लुगडं काढलं, काठाला दातांनी चीर दिली आणि टर्रकन फाडलं.