आदल्या दिवशीचं जेवण

आमच्या घरमालकांनी आयुष्यात एकही गोष्ट पहिल्यांदा केलेली नाही. हे लिहिताना मलाच जरा अवघडल्यासारखं होतं, पण दुसरं कसं सांगावं ते कळत नाही. कुठेही जायचं असलं की ते आदल्या दिवशी, त्याच वेळेला, तिथे जाऊन पाहून येतात. त्यामुळे प्रत्यक्ष जातात ते दुसऱ्यांदाच. भाचीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी त्यांनी रिकाम्या कार्यालयात जाऊन चपला कुठे काढायच्या आणि कोणता पंखा आवाज करतो, हे पाहून ठेवलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी ते दवाखान्यातल्या कॉटवर चक्क पाच मिनिटं झोपून आले. नर्सबाईंनी उठवलं तेव्हा म्हणाले, "उद्या याच खाटंवर टाका मला. हितं वारं येतं." ताथवड्यात त्यांची शेती होती तेव्हा बैल घ्यायच्या आधी ते बाजारात जाऊन तो चालवून पाहायचे. शेतीवर इमारती आल्या, बैल गेले, पण सवय राहिली आणि ती त्यांनी उरलेल्या सगळ्या जगाला लावली.

मी त्यांच्या वरच्या खोलीत चार वर्षं राहिलो. माझे वडील परभणीकडे शिवणकाम करतात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला, त्यामुळे इथे मला प्रत्येक गोष्ट पहिल्यांदाच करावी लागायची आणि त्याची मला फार धास्ती वाटायची. घरमालकांना ते पहिल्याच परीक्षेला कळलं. आदल्या दिवशी मला घेऊन ते परीक्षाकेंद्रावर गेले, शिपायाला गोड बोलून वर्ग उघडायला लावला आणि माझ्या बाकावर स्वतः बसले. बाक डुगडुगत होता. त्यांनी खिशातून कागद काढला, घडी घालून पायाखाली सरकवला आणि म्हणाले, "झालं. आता तुजं तू बघ."

शेवटच्या वर्षी आमच्या चौघांच्या प्रोजेक्टला चाकणच्या एका कंपनीतल्या साहेबांनी मदत केली होती. ते खूश झाले आणि त्यांनी आम्हाला कॉलेजजवळच्या थाई हॉटेलात रात्रीच्या जेवणाला बोलावलं. "जेवताना पुढचं बोलू," असं ते म्हणाले होते. पुढचं म्हणजे कंपनीत ट्रेनी म्हणून घेण्याचं, हे आम्हा चौघांनाही ठाऊक होतं. बाकीचे तिघे त्या हॉटेलात वाढदिवस करून आलेले. मी बाहेरून फक्त पाटी वाचलेली. तिथे काड्यांनी खातात असं ऐकलं होतं, म्हणून तीन दिवस मी खोलीत दोन पेन्सिलींनी शेंगदाणे उचलायचा सराव केला. घरमालकांनी खाली उदबत्तीच्या दोन काड्या घेऊन तोच सुरू केला. त्यांच्या काड्या मोडत होत्या, माझे शेंगदाणे पलंगाखाली जात होते. शेवटी मी त्यांना सांगितलं की मी पोट बिघडल्याचा निरोप देणार आहे.

त्यांनी हातातल्या काड्या खाली ठेवल्या. मग म्हणाले, "जेवन कधी हाय?"

"उद्या आठ वाजता."

"मग आज आठला जाऊ. कापडं घाल."

मी नको म्हणालो, अभ्यास आहे म्हणालो, पाऊस येईल म्हणालो. त्यांनी तोवर टोपी घातली होती.

हॉटेलात गेल्यावर त्यांनी आधी सगळ्या खुर्च्या हलवून पाहिल्या. वाढायला आलेल्या ताई ईशान्येकडच्या होत्या, हिंदी बोलायच्या. घरमालकांनी त्यांना आपल्या हिंदीत पहिला प्रश्न विचारला, "आप जेवे क्या?" त्या हसल्या आणि तिथून पुढे त्या आमच्याच झाल्या. मी मोठा धीर करून काड्या मागितल्या. ताईंनी सांगितलं की काड्या नूडल्सला लागतात. भात आणि रस्सा थाई लोकसुद्धा चमच्यानेच खातात. माझे तीन दिवसांचे शेंगदाणे वाया गेले. घरमालकांनी माझ्याकडे पाहिलं, पण हसले नाहीत.

रस्सा आला तसा त्यांनी वाटीवर नाक नेलं. "गवती चहा हाय ह्याच्यात. आन् हे लिंबाचं पान." कोशिंबीर चाखून म्हणाले, "कच्ची पपई, शेंगदाणा. आरं, समदं परसातलंच हाय की. नावंच तेवढी लांबची हायेत." मग साहेबांच्या जागी स्वतः बसून त्यांनी मला प्रश्न विचारायला सुरुवात केली. माझं उत्तर अडलं की भाताचा एक चमचा खायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायचं. मी तीन वाट्या भात खाल्ला, पण शेवटी आमचं प्रोजेक्टचं मशीन काय करतं ते न अडखळता सांगता आलं. "कळलं मला," ते म्हणाले. "मला कळलं म्हंजे सायबाला कळंलच."

दुसऱ्या दिवशी मी गेलो. खरं म्हणजे दुसऱ्यांदा गेलो. बाकीचे तिघे मेनू चाळत होते, तेव्हा मी साहेबांना पपईच्या कोशिंबिरीबद्दल सांगत होतो आणि तिथून मशीनवर कधी आलो ते कळलंही नाही. मध्येच पाणी ओतताना त्या ताई माझ्याजवळ वाकून हळूच म्हणाल्या, "आपके पिताजी दोपहर को फिर आए थे. बोले, लड़के को डुगडुगवाली कुर्सी मत देना."

ते माझे वडील नाहीत, हे मी त्यांना सांगितलं नाही.

काम मिळालं. चाकणलाच राहायचं ठरलं. घरमालकांनी एका रविवारी स्कूटरवरून मला कंपनीच्या गेटपर्यंत नेऊन आणलं, वॉचमनशी ओळखही करून दिली. खोली सोडायच्या आदल्या दिवशी मी बांधलेलं सामान खाली ओट्यावर आणून ठेवलं आणि उरलेली बादली घ्यायला वर गेलो. दार उघडं होतं. रिकाम्या खोलीत घरमालक भिंतीला टेकून जमिनीवर बसले होते. दिवा लावलेला नव्हता. मी विचारलं, "काका, काय झालं?"

"काय न्हाई," ते म्हणाले. "बघून ठिवतोय."