नळीवरची अक्षरं

इंग्रजीत छापलेलं काहीही समोर आलं की ते वाचल्याशिवाय मला राहवत नसे. बिस्किटांचा डबा, औषधाची बाटली, गोणपाटावरचा शिक्का, काहीही. लालबागच्या आमच्या चाळीत त्यावरून मला 'मडम' म्हणत. आई लहानपणीच गेली, वडील बोटीवर. मला मामा-मामींनी वाढवलं, आणि मामानेच हट्टाने दादरच्या इंग्रजी शाळेत घातलं. शाळेत माझं मराठी चालत नसे आणि चाळीत इंग्रजी. म्हणून मी दोन्हीकडे गप्प राहायची आणि बघत बसायची.

मामा गिरणीत वाफेचे नळ बसवणारा मिस्त्री होता. पुढे ती नोकरी सोडून त्याने परळला एका गल्लीत शेड घेतली आणि माती उचलणारी मोठी यंत्रं दुरुस्त करू लागला. हात गिरणीचाच राहिला. नळ ताठ आणि सरळ हवा. मध्ये जरा झोल दिसला की त्याला तो स्वतःचा अपमान वाटायचा. "पोट सुटलाहा," म्हणायचा आणि परत खोलायला लावायचा.

गिरणीतून त्याने आणखी एक रीत आणली होती. नव्या नळात पहिल्यांदा वाफ सोडताना तो बसवणारा मिस्त्री त्याच नळाला पाठ लावून उभा राहायचा. शेडमध्ये मामा तेच करायचा. यंत्र गिऱ्हाइकाच्या ताब्यात देताना तो त्याची बकेट, म्हणजे पुढचं लोखंडी घमेलं, वर उचलायला लावायचा आणि हाताची घडी घालून तिच्याखाली जाऊन उभा राहायचा. गिऱ्हाईक खूश व्हायचं. मामीने ते एकदा पाहिलं आणि त्यानंतर ती शेडकडे फिरकली नाही.

मॅट्रिकची परीक्षा देऊन मी निकालाची वाट बघत होते. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यांनी गिरणगाव तापलेलं होतं. कधी कुठला रस्ता बंद होईल, कुठे पोलिसांची गाडी उभी असेल, नेम नव्हता. मामा दुपारी जेवायला घरी येईनासा झाला, म्हणून मी डबा घेऊन जायची. घरात जीव रमत नव्हता आणि शेडमध्ये बसायला जागा नव्हती. मी आपली दाराशी उभी राहायची, अर्धं लक्ष गल्लीकडे, अर्धं आत.

त्या आठवड्यात शेडमध्ये एक लोडर आला होता. समुद्राकाठी भराव घालणाऱ्या कंत्राटदाराचा. पुढे दोन लोखंडी हात आणि त्यांच्या टोकाला बकेट, माणूस सहज मावेल एवढी. रबरी नळ्यांतून दाबाखाली तेल जातं आणि त्या जोरावर ते हात वर उचलले जातात. नळी फुटली की तेल बाहेर आणि बकेट खाली. या लोडरची एक नळी मामाने नुकतीच बदलून दिली होती आणि तीच भरावावर फुटली होती. नशिबाने खाली कोणी नव्हतं. कंत्राटदाराने लोडर परत पाठवला, सोबत दोन नव्या परदेशी नळ्या दिल्या, एक आखूड, एक लांब. मामाने आखूड घेतली. ती ताणून बरोबर सरळ बसत होती. लांब नळीला झोल आला असता.

मी पोहोचले तेव्हा काम संपलं होतं. ड्रायव्हर वर बसून घाई करत होता.

"मिस्त्री, आटपा. भोईवाड्याकडून मोर्चा निघालाय. रस्ता बंद झाला की मी इथेच झोपू काय?"

"झोप. तुझ्या घोरण्यान मोर्चो पळात," मामा म्हणाला.

मी नेहमीप्रमाणे वाचत होते. जमिनीवर पडलेल्या लांब नळीवर कंपनीचं नाव पांढऱ्या अक्षरांत या टोकापासून त्या टोकापर्यंत एका रेषेत छापलेलं होतं. मग लोडरवरच्या नळीवरचं वाचू लागले आणि मला मान वाकडी करावी लागली. एका टोकाला अक्षरं वर होती, मध्ये ती बाजूला सरकली होती आणि दुसऱ्या टोकाला पार पोटाखाली गेली होती. नळी पिळली गेली होती. शेवटचा नट आवळताना त्याच्याबरोबर नळीही फिरली होती. लुगडं पिळताना हातांच्या जवळ जसा ताण येतो, तसा तिच्या तोंडाशी आला असणार. आधीची नळी तोंडाशीच फाटली होती. तो तुकडा मी कोपऱ्यात पाहिला होता.

"मामा," मी म्हणाले, "ही अक्षरं खाली जातायत."

"कसली अक्षरां?"

"नळीवरची. नळी पिळलीय."

ड्रायव्हर हसला. "मडमला पुस्तक पुरत नाही वाटतं. आता नळी वाचते."

मामाही हसला, पण कानशिलं लाल झाली. "बाय, डबो ठेव आणि घरा जा."

ड्रायव्हरने दांडा ओढला. बकेट वर गेली. नळी आणखी ताठली आणि तोंडाशी किंचित थरथरली. मामा फडक्याला हात पुसत बकेटखाली गेला आणि त्याने हाताची घडी घातली. लांबून घोषणा ऐकू येत होत्या. मला आणखी काही बोलायचं होतं, पण शब्द कुठल्याच भाषेत येईनात. मी डबा खाली ठेवला आणि मामाच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

"भायर हो," मामा म्हणाला.

"आधी तू हो."

"माका सांगतंस?"

मी जागची हलले नाही. वर पाहायचा धीर नव्हता. बकेटच्या कडेवरून सुकलेल्या मातीची ढेकळं माझ्या खांद्यावर पडत होती. ड्रायव्हरने दांड्यावरचा हात काढून घेतला होता. "मिस्त्री, पोरीला बाहेर काढा, मी पाया पडतो," तो म्हणाला, आणि आता तो हसत नव्हता.

मामाने माझा दंड धरून मला बाहेर ओढलं. दंडावर त्याच्या तेलकट बोटांचे वळ उठले. त्याने बकेट जमिनीवर टेकवायला लावली, यंत्र बंद करवलं आणि पाना उचलला. "बघूया तुझी अक्षरां," म्हणाला. रागातच म्हणाला.

नट सैल झाला तशी नळी आपली आपण गरकन फिरली. कोणी हात लावला नव्हता. अक्षरं पोटाखालून वर आली. मामाने नळीच्या तोंडापाशी अंगठा फिरवला. रबर तिथे फुगलं होतं. तो बराच वेळ अंगठा तिथेच ठेवून होता.

मग त्याने लांब नळी घेतली. या वेळी दोन पाने लावले, एकाने नळीचं तोंड धरून ठेवलं आणि दुसऱ्याने नट आवळला. पान्याच्या प्रत्येक फेऱ्याला माझ्याकडे न बघता विचारायचा, "सरळ?" मी म्हणायची, "सरळ." नळीला झोल आला. तो पाहून त्याचा जीव कासावीस झालेला मला दिसत होता. "पोट सुटलाहा," तो पुटपुटला, पण खोललं नाही.

बकेट वर गेली. हात जसजसे उचलले गेले तसतसा नळीचा झोल कमी होत गेला आणि वर पोहोचल्यावर थोडासाच उरला. तो सगळा झोल तिला लागतच होता.

"मिस्त्री, आज खाली उभं नाय राहायचं?" ड्रायव्हरने विचारलं.

मामाने बकेटकडे पाहिलं, मग माझ्या खांद्यावरच्या मातीकडे.

"जेवण निवता," तो म्हणाला आणि डबा उघडून पायरीवर बसला.

मोर्चा गल्लीच्या तोंडाशी आला होता. रस्ता बंद झाला, ड्रायव्हर आत अडकला आणि मामाने त्याला अर्धी भाकरी दिली. जेवताना मामा दर घासाला मान वळवून लोडरकडे बघत होता. मीही बघत होते. नळीवरचं नाव या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचायची, पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरू करायची.