कराचीचं पान

बोरिवली स्टेशनबाहेर वसईकडचा एक माणूस विड्याची पानं विकायला बसायचा. ओल्या फडक्याखालचं एकेक पान उजेडात धरायचा, पाठीवरून अंगठा फिरवायचा आणि मोठं, जाड पान निघालं की डावीकडच्या टोपलीत वेगळं ठेवायचा. एकदा मी नेमकं तेच मागितलं.

"ते कराचीचं," तो म्हणाला.

मला हसू आलं. पासष्टच्या लढाईपासून पाकिस्तानला पानं जाणं बंद होतं. त्याआधी कराचीला जाणाऱ्या टोपल्या हाच भरायचा.

"मग आता कशाला निवडता?"

"हाताला वळण पडलंय. संध्याकाळी सगळी एकाच भावात विकतो."

पुढे बऱ्याच वर्षांनी दोन्ही देशांत व्यापार पुन्हा सुरू होणार असल्याचं पेपरात आलं. मी मुद्दाम पेपर घेऊन गेलो. वाटलं, खूश होईल. त्याने बातमी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली आणि हात पुसले.

"एवढी वर्षं कराचीवाले दुसऱ्या कुणाचं पान खात असणार," तो म्हणाला. "आता आमचं आवडेल का हो त्यांना?"

त्याने डावीकडची टोपली पुढ्यात ओढली आणि निवडलेली पानं पुन्हा एकेक करून उजेडात धरायला लागला.