बाबांच्या झोपेची दुरुस्ती

हा किस्सा मी स्वतःहून सांगणार नव्हतो. पण रेश्मा, म्हणजे आमची सौ., माहेरी तो रंगवून सांगून आली आहे. तेव्हा आता माझ्याच तोंडून ऐका, निदान थोडी अब्रू वाचेल. चहा घ्या, गार होतोय.

माझं धामणकर नाक्यावर कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. राहायला आम्ही अंजूरला. घरी एक जुना कम्प्युटर आहे, त्यावर रेश्मा एका गोडाऊनची बिलं टाकते. एक दिवस ती म्हणाली, "अहो, जेवून येऊन बसलं की हा ढिम्म हलत नाही. लोकांचे दुरुस्त करता, घरचा कधी बघणार?"

त्या दिवसांत घरात एकच गोष्ट सुरळीत चालली होती, ती म्हणजे बाबांची झोप. बाबांचा पॉवरलूमचा कारखाना होता. तो बंद पडला, लूम भंगारात गेले आणि त्यांच्याबरोबर बाबांची झोपही गेली. रात्रभर अंगणात येरझाऱ्या. माणूस वाळत चालला होता. डॉक्टरांच्या गोळ्यांनीही हात टेकले. आणि अचानक बाबा दुपारचे झोपायला लागले, कम्प्युटरच्या खोलीत, चटईवर, चांगले घोरत. का, ते कुणालाच माहीत नव्हतं. आई तर दृष्ट लागेल म्हणून त्याबद्दल बोलतही नव्हती.

तर मी कामाला लागलो. कुठला प्रोग्रॅम डिस्कवर किती वाचतो, किती लिहितो, याची दिवसभर नोंद ठेवणारं साधन बसवलं आणि तीन-चार दिवस रोज संध्याकाळी येऊन पाहिलं. चोर समोरच होता. रोज दुपारच्या जेवणानंतर ॲंटिव्हायरस जागा व्हायचा आणि अख्खी डिस्क या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासायचा. पण मी त्याला तशी वेळ लावून दिलेली नव्हती. रेश्मानंही नाही. मग कुणी?

तुम्ही असता तर काय केलं असतं? घरातल्या माणसांना विचारलं असतं. पण मी पडलो एक्स्पर्ट. मी म्हटलं, हॅकर!

पासवर्ड बदलले. इंटरनेटची वायर उपटली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. रात्री जेवताना मी सगळ्यांना गंभीरपणे सांगितलं, "कुणीतरी आपल्या कम्प्युटरमध्ये शिरतंय. रोज, जेवणं झाल्यावर."

बाबांनी भात कालवता कालवता विचारलं, "काय चोरतो?"

"चोरत काहीच नाही. नुसतं सगळं वाचून जातो."

"मग वाचू दे की बिचाऱ्याला," बाबा म्हणाले.

मी कशाला ऐकतोय? दुकानातून नवी एसएसडी आणली, म्हणजे जिच्यात काही फिरत नाही अशी डिस्क. जुनी काढली, पुसून साफ केली आणि नाक्यावरच्या सलीमभाईंच्या लूमच्या ऑफिसात बसवूनही टाकली. घरचा कम्प्युटर वाऱ्यासारखा पळायला लागला. रेश्मा खूश, मी तर विचारूच नका.

दोनच दिवसांत दुकानात आईचा फोन. "लवकर ये रं. तुजा बापूस त्या डब्याला कान लावून बसलाय. डोला न्हाय लागला त्याचा."

गेलो. बाबा खरंच सीपीयूला कान लावून चटईवर बसले होते. चेहरा उतरलेला.

"ह्याचा आवाज कुठं गेला?"

"काढला, बाबा. जुनी डिस्क करकर करायची. आता एकदम शांत."

"आनि मी झोपू कसा?"

मला काही कळेना. मग त्यांनी स्क्रीनवरच्या ॲंटिव्हायरसच्या हिरव्या बटणावर बोट ठेवलं. "तूच बोललास ना, काय गडबड वाटली तर ह्यो बटण दाब. एकदा दाबला, तर आतून खडखड चालू झाली. वाटला, लांब कुनाचा तरी कारखाना चालू हाय. तवा डोला लागला. मंग मी रोजच दाबायला लागलो."

हॅकर हा असा माझ्यासमोर लुंगी नेसून बसला होता. मला हसू यायला हवं होतं, पण भरून आलं. ज्याचा जन्म लूमच्या खडखडाटात गेला, त्याला जरा कुठे आसरा सापडला होता, आणि मीच तो आसरा स्क्रू उघडून काढून नेला होता.

तडक सलीमभाईंकडे गेलो. म्हटलं, "भाई, वो डिस्क वापस दे दो. बदले में नई देता हूँ, एकदम फास्ट."

सलीमभाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "पुराने के बदले नया? लफडा क्या है?"

"लफडा कुछ नहीं. उसकी आवाज के बिना मेरे बाबा को नींद नहीं आती."

मला वाटलं, आता हा माणूस हसणार. पण त्यांनी स्वतः उठून सीपीयूची वायर काढली. "लूमवाले हैं ना? पहले बोलना था. मेरे अब्बा भी जुमे को सो नहीं पाते, कारखाना बंद रहता है."

जुनी डिस्क घरी परत आली, नवीच्या शेजारी बसली. तपासायला काहीतरी हवं, म्हणून तिच्यावर जुन्या फाइली भरून ठेवल्या. रेश्माची बिलं नवीवर, बाबांची झोप जुनीवर. आता एकच अडचण उरली. तपासणी संपली, आवाज थांबला, की बाबा दचकून उठायचे आणि विचारायचे, "तार तुटली काय रं?" लूमवर सूत तुटलं की लूम थांबतो, ते अंगात भिनलेलं. म्हणून मी अशी सोय केली, की एक तपासणी संपायच्या आत दुसरी सुरू व्हावी.

ती नीट चालते का हे बघायला एका शुक्रवारी दुकान बंद ठेवून मी दुपारी घरी थांबलो. बाबांचा डोळा लागेपर्यंत बसू म्हटलं. चटईवर त्यांच्या शेजारी जरा पाठ टेकली. डिस्क खडखड करत होती, स्क्रीनवर तिचा आलेख वरखाली होत होता.

जाग आली ती रेश्माच्या आवाजानं. बाहेर ऊन उतरलं होतं. कुठल्या तरी गिऱ्हाइकाचा फोन तिनं घेतला होता.

"नाही हो, आत्ता नाही यायचे ते," ती सांगत होती. "बाबांना झोपवायला बसले होते, स्वतःच झोपले. बाबा बाहेर चहा पितायत. त्यांना देऊ का फोन?"