परदेशी मशीनची हमाली

तारीख सतरा नोव्हेंबर, रविवार सकाळ. रक्कम दोनशे युरो, म्हणजे त्या दिवशीच्या भावाने अठरा हजारांच्या आसपास. हजर तिघे: मी, माझी बायको आणि शेजारचे काका. प्रश्न एकच. जर्मनीत जाऊन हे पैसे रोख काढायचे, तर कोणत्या बँकेच्या कार्डाने काढले म्हणजे सगळ्यात कमी कापले जातील?

काकांनी कप बशीसकट बाजूला सरकवला, टेबलावर दोन बोटं वाजवली आणि विचारलं, "ते सारं ठीक हाय भाऊ. पण हमाली कोणाची?"

हा प्रश्न आमच्या गल्लीत सगळ्यांना पाठ होता. नागपूरला लागून असलेल्या वाडीच्या एका ट्रान्सपोर्ट गोदामात काकांचं सगळं आयुष्य बुकिंगच्या टेबलावर गेलं. माल चढवायची मजुरी पाठवणाऱ्याने द्यायची की घेणाऱ्याने, हे कागदावर आल्याशिवाय ते सही करत नसत. निवृत्त झाल्यावर ट्रक सुटले, प्रश्न सुटला नाही. फ्रिज घेतला, हमाली कोणाची? कॉलनीत गणपती आणायचं ठरलं, सगळे मूर्ती केवढी यावर भांडत होते, तर हे कोपऱ्यातून, "अन् हमाली?" माझी बायको म्हणायची, यम दारात आला तरी काका त्याला आधी हेच विचारतील. काका खदखदून हसायचे. "काहून नाही वं? इचारलंच पाहिजे!"

माणूस कंजूष मुळीच नव्हता. ठरलेली हमाली ते एक रुपयाही कमी न करता देत. न ठरलेली मात्र त्यांच्या हातून सुटत नसे.

त्यांची एकुलती एक लेक नवऱ्याबरोबर जर्मनीत. काकू काही वर्षांपूर्वीच वारलेल्या. लेकीला डिसेंबरात बाळ व्हायचं होतं आणि जानेवारीत बारसं. काकांच्या घरची रीत अशी, की लेकीकडे जेवायचं तर तिच्या हातावर काही ठेवल्याशिवाय ताटावरून उठायचं नाही. बाळाच्या मुठीत तिथली करकरीत नोट द्यायची, हे त्यांनी कधीच ठरवून टाकलं होतं.

मी म्हटलं, "काका, जावयाला सांगा, तो काढून देईल."

"जवायाचे पैसे घेऊन त्याच्याच लेकराले देऊ? मंग मी गेलो कायले?"

मग मी हिशेबाला बसलो. त्यांच्या जुन्या बँकेचं कार्ड प्रत्येक वेळी ठरावीक रक्कम कापणार, वर चलन बदलल्याचे टक्के, त्यावर कर. दुसरं कार्ड, आधीच युरो भरून न्यायचं, पण उरलेले परत रुपये करताना पुन्हा कात्री. तिसऱ्या एका बँकेचं कार्ड काढण्याचे काहीच घेत नव्हतं. फक्त वर्षाची फी, करासकट दोनशे छत्तीस रुपये. खातं उघडलं, कार्ड आलं, परदेशातला वापर मोबाइलवरून आमच्याच गॅलरीत बसून चालू केला. मी त्यांना दोन गोष्टी पढवल्या. एक, मशीनने 'रुपयांत हिशेब करू का' विचारलं तर नाही म्हणायचं. दोन, तिथलं मशीन स्वतःचे वेगळे पैसे मागू शकतं, ते किती हे मला इथून सांगता येणार नाही.

"म्हणजे एक हमाली ठरलीच नाही," काका म्हणाले.

बारशाच्या दिवशी दुपारी साडेचारला त्यांचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे बारा वाजले होते. कानटोपी, मफलर, नाक लाल. जाऊन चार दिवस झाले होते आणि पैसे काही निघाले नव्हते. तीन मशीनं झाली, सगळी वेगळे पैसे मागतात म्हणून हे परत आलेले. आता चौथं, आणि तासाभरात बारसं.

"पडदा दाखवा," मी म्हटलं. त्यांनी मोबाइल फिरवला. इंग्रजीत लिहिलं होतं, या मशीनचे पाच युरो, मान्य आहे का?

"हिरवं बटण दाबा, काका."

"पाच युरो? साडेचारशे रुपये? मशीन त्याईचं, पैसा माहा, काढून बी मीच राहिलो. मंग हमाली कोणाची, भाऊ?"

"तुमची! दाबा आता!"

"कुठं ठरली होती?"

पडदा विझला आणि कार्ड बाहेर आलं. त्यांनी पुन्हा घातलं. या वेळी मशीनने आधी रुपयांचं विचारलं, त्यांनी नाही म्हटलं, बरोबर केलं. मग पाच युरोचं विचारलं आणि बोट नकाराच्या लाल बटणावर गेलं. मी ओरडलो, "साडेचारशे मी देतो हो इथे!"

ते दुखावले. मोबाइल तोंडासमोर धरून म्हणाले, "तुम्ही काहून द्यान? तुमचा माल हाय का हा?"

आम्ही दोघे वाद घालत होतो तेवढ्यात त्यांच्या पाठीमागे मशीनच्या फटीत कार्ड अर्धं बाहेर आलेलं मला दिसलं. "काका, कार्ड घ्या! मागे, मागे बघा!" ते वळले. कोणी घेत नाही म्हणून मशीनने ते शांतपणे आत ओढून घेतलं.

"भाऊ," काका म्हणाले, "कार्ड आत गेलं गा."

मग मोबाइलवर फक्त ओली फरशी आणि त्यांचे बूट दिसत राहिले. नागपुरात बसून मी काय करणार? बँकेला फोन करून कार्ड बंद करवलं. तेवढंच हातात होतं.

बायकोने मोबाइल माझ्याकडून घेतला. "काका, खिशात आपलं काही आहे का?"

होतं. परतल्यावर विमानतळावरून घरी यायला ऑटोसाठी ठेवलेली शंभराची नोट, आणि पाकिटात एक रुपया. बाळाच्या मुठीत तेच गेलं. लेकीने फोटो पाठवला, त्यात सगळे हसत आहेत आणि काका बाजूला बघत आहेत.

आल्यावर त्या मशीनचा विषय त्यांनी काढला नाही. खात्यातले सगळे पैसे जुन्या बँकेत वळवले. बदली कार्ड पोस्टाने आलं, ते पाकीट फोडलंही नाही. आणि एक गोष्ट सगळ्यात आधी माझ्या बायकोच्या लक्षात आली, तुमच्याही आली असती. भाजीवाल्यापाशी, मेडिकलमध्ये, कुठेच ते आता हमालीचं विचारत नव्हते. सांगतील तेवढे देत होते.

गेल्या नोव्हेंबरात, झोपेतच, ते गेले. कोणाला काही विचारायला वेळ मिळाला नाही.

तेरावं झाल्यावर लेकीबरोबर मी ते खातं बंद करायला गेलो. खिडकीवरच्या मुलीने सांगितलं, शिल्लक काही नाही, पण दुसऱ्या वर्षाची कार्डाची फी बाकी आहे, ती आधी भरावी लागेल.

"पण या कार्डाने तर एक रुपयाही निघाला नाही," लेक म्हणाली.

"फी कार्डाची असते, मॅडम."

मी पाकीट काढलं. लेकीने माझा हात धरला. "राहू द्या दादा. तुमचा माल हाय का हा?"

दोनशे छत्तीस रुपये, बँकेला. भरले लेकीने.